वाढलं किती, दिसलं किती

"आमच्या वेळी हे डिप्रेशन वगैरे काही नव्हतं." साठी ओलांडलेल्या माणसांच्या कोणत्याही बैठकीत हे वाक्य एकदा तरी येतंच. त्यामागे तक्रारीपेक्षा प्रामाणिक आश्चर्य अधिक असतं. घरात दहा माणसं होती, दिवसभर राबणं होतं, मन खट्टू व्हायला सवड कुणाला होती, असं त्यांना खरोखर वाटतं. दर वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या दिवशी, वर्तमानपत्रं याच्या अगदी उलट सांगतात: मानसिक आजारांचा विळखा वाढतो आहे, तरुण पिढी खचली आहे, देश आजारी पडतो आहे.

जुन्या काळाबद्दलचं ते आश्चर्य थोडं तपासून पाहू. त्या दहा माणसांच्या घरात मागच्या खोलीत राहणारे, लग्नकार्यात पाहुण्यांसमोर न येणारे एक काका असत. बाळंतपणानंतर 'बाहेरचं लागलं' म्हणून माहेरी धाडलेली आणि पुन्हा न नांदवलेली एखादी सून असे. एक दिवस न सांगता घर सोडून गेलेला, पंढरपुरात कुणाला तरी दिसल्याची उडती खबर सोडली तर मागे काहीच न ठेवलेला थोरला भाऊ असे. विहिरीवर पाणी भरताना 'पाय घसरलेली' बाई तर गावोगावी होती. घरातल्या मुलींच्या सोयरिकी अडू नयेत म्हणून या सगळ्यांबद्दल कुणी बोलत नसे, आणि पुढच्या पिढीच्या आठवणीतून ती माणसं पुसली जात. आजी-आजोबांच्या पिढीत आजार नव्हता, हे या आठवणींवरून सिद्ध होत नाही.

पण म्हणून आज काहीच वाढलेलं नाही, नुसती चर्चा वाढली, असंही म्हणता येत नाही. 'लपलेलं होतं' हा तर्क आहे, मोजणी नाही. खरं उत्तर हवं असेल तर एकाच गावात, एकाच पद्धतीने, मध्ये बरीच वर्षं जाऊ देऊन दोनदा मोजायला हवं. हे बोलायला सोपं आणि करायला फार अवघड आहे. जगातही असे अभ्यास थोडे आहेत. त्यातला एक आपल्या देशात झालेला आहे आणि तो जितका माहीत असायला हवा तितका नाही.

पश्चिम बंगालमध्ये डॉ. डी. एन. नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली दोन खेड्यांत घरोघर जाऊन प्रत्येक माणसाची मानसिक तपासणी केली. कोण दवाखान्यात येतं याची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञच उंबऱ्याशी गेले. वीस वर्षांनी, १९९२ मध्ये, ते त्याच दोन गावांत परत गेले आणि पुन्हा घर न घर तपासलं. या वीस वर्षांत जमीनसुधारणा झाल्या होत्या, शाळा वाढल्या होत्या, पैसा थोडा खेळू लागला होता. २००० साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९७२ मध्ये दर हजारी ११६.८ माणसांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता, १९९२ मध्ये दर हजारी १०५.२ जणांना. फरक इतका थोडा की संख्याशास्त्राच्या हिशेबात तो फरकच नाही. दोन्ही वेळा स्त्रियांमधलं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं: पहिल्या वेळी हजारी सुमारे १४७ आणि ८७, दुसऱ्या वेळी सुमारे १३८ आणि ७४.

एकूण आकडा जागचा हलला नाही, पण आतली मांडणी पार बदलून गेली. हिस्टेरिया, भीती, चिंता यांचं प्रमाण लक्षणीय घटलं आणि नैराश्य व उन्माद यांचं लक्षणीय वाढलं. दातखीळ बसणं, शुद्ध हरपून पडणं, अंगात आल्यासारखं वागणं अशा रूपात दिसणारा त्रास ओसरला, आणि झोप उडणं, कशातच जीव न लागणं, स्वतःला कमी लेखणं या रूपातला त्रास वाढला. माझ्या मते सगळ्या वादात या एका अभ्यासाइतकं बोलकं दुसरं काही नाही. नुसतं नैराश्य मोजणारा त्या गावांत जाऊन 'आजार वाढला' म्हणाला असता, नुसता हिस्टेरिया मोजणारा 'आजार घटला' म्हणाला असता, आणि दोघांच्याही हातातले आकडे खरे असते.

महाराष्ट्रातही जुन्या डॉक्टरांना विचारलं तर हेच चित्र निघतं. ज्यांनी सत्तरच्या दशकात जिल्ह्याच्या गावी काम सुरू केलं, त्यांच्याकडे नव्या सुना बेशुद्ध अवस्थेत बैलगाडीतून यायच्या. ज्या घरात बोलायची मुभा नाही तिथे शरीर बोलतं, हे त्या काळच्या प्रत्येक वैद्याला ठाऊक होतं. तशा रुग्ण आज क्वचित येतात. त्याच वयाची मुलगी आज स्वतःच्या पायांनी येते आणि "मला कशातच रस वाटत नाही" असं स्पष्ट सांगते. पहिलीचा त्रास कमी होता असं कुणी म्हणू नये.

आजार वाढतोय का, हा प्रश्न आपल्या पिढीने काढलेला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये यावर मोठी खडाजंगी झाली होती. १८४५च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला वेड्यांचं इस्पितळ बांधणं सक्तीचं केलं. त्याच्या आसपास नोंदलेल्या मनोरुग्णांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. शतक संपेपर्यंत ती लाखाच्या पुढे गेली. रेल्वे, कारखाने, शहरी धावपळ यांनी माणसं वेडी होत आहेत, असं अनेकांनी छातीठोकपणे लिहिलं. लोकसंख्या वाढली हे खरं, पण त्याहून मोठं कारण असं की खाटा वाढल्या होत्या. पूर्वी जे घरात किंवा धर्मशाळेत कोंडलेले असत ते आता नोंदवहीत आले. शिवाय आत गेलेली माणसं सहसा बाहेर येत नसत, त्यामुळे आकडा साचत गेला.

आपल्याकडे नागपूरचं मनोरुग्णालय १८६४चं, रत्नागिरीचं १८८६चं, ठाण्याचं १९०१चं, आणि येरवड्याचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. येरवड्यात २,५४० खाटा. राज्यातली ही चारच मोठी सरकारी मनोरुग्णालयं. त्यांच्या दाखल रुग्णांचा तक्ता काढून महाराष्ट्रातल्या आजाराची चढउतार पाहू गेलं तर आपल्याला खाटांची संख्या कळेल, आजाराची नव्हे. बाह्यरुग्ण विभागाचंही तसंच आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ साली डॉ. के. के. मसानी यांनी मानसोपचाराचा विभाग सुरू केला, तेव्हापासून सर्वसाधारण इस्पितळात, ताप-खोकल्याच्या रांगेशेजारी, मनाचा डॉक्टर बसू लागला. अशा ठिकाणी जायला लोकांना कमी संकोच वाटतो. जिथे सोय होते तिथे आकडा वाढतो, आणि तो वाढायलाच हवा. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ येऊ लागला की सहा महिन्यांत शंभर नवे रुग्ण नोंदले जातात. ते सहा महिन्यांत आजारी पडलेले नसतात.

म्हणून घरोघरच्या पाहण्या. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण हे आपल्याकडचं सर्वात मोठं काम. बारा राज्यांत, सुमारे ३५ हजार प्रौढांच्या मुलाखती घेऊन ते झालं. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आयुष्यात कधी तरी झालेल्यांचं प्रमाण १३.७ टक्के होतं. महानगरांत प्रमाण १४.७ टक्के, तर खेड्यांत सुमारे ७ टक्के. दारूच्या व्यसनाचं प्रमाण एकट्याने साडेचार टक्क्यांच्या वर होतं, म्हणजे एकूण आजारातला मोठा वाटा त्याचा. हे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. गुजरात होता, मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होतं. आपल्या राज्याबद्दल त्या आकड्यांवरून जे बोललं जातं ते शेजाऱ्यांवरून काढलेलं अनुमान आहे.

याच सर्वेक्षणात त्या वेळी नैराश्य असलेल्यांचं प्रमाण २.७ टक्के निघालं. आता अमरावती जिल्ह्याकडे वळू. त्याच दशकात तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. त्याच्या सुरुवातीच्या पाहणीत नैराश्याचं प्रमाण १४.६ टक्के आलं. २.७ कुठे आणि १४.६ कुठे! विदर्भातली परिस्थिती बिकट आहे हे मान्य, पण पाचपट फरक नुसत्या परिस्थितीने पडत नाही. निम्हान्सने रोगनिदानाची रचनाबद्ध मुलाखत वापरली होती आणि अमरावतीत नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली. काही वर्षांच्या अंतराने आलेल्या अशा दोन आकड्यांची बातमी जेव्हा 'नैराश्य पाचपट' या मथळ्याखाली छापली जाते, तेव्हा एका वर्षी पायलीने मोजलेलं धान्य दुसऱ्या वर्षी किलोने मोजून पीक वाढल्याचं जाहीर करावं तसा प्रकार होतो.

ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली प्रत्यक्षात कशी भरली जाते ते जवळून पाहू, कारण देशभरातले बरेचसे आकडे तिथून येतात. आशाताई दुपारी, घरातले पुरुष शेतावर असताना, ओसरीवर येऊन बसते. आधी लसीकरणाचं, मग नातवाचं वजन, मग कागद निघतो. "गेल्या पंधरा दिवसांत झोपेचा काही त्रास?" "लागते की झोप. पण तीन वाजता जाग येती ती येतीच." हा त्रास किती दिवस? एकही दिवस नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज? शून्य ते तीन गुण. भूक, थकवा, कामात रस, मन उदास होणं, आपण निकामी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा उगाच चुळबुळ होणं. नववा प्रश्न जगणं नकोसं होण्याबद्दलचा. तो येईपर्यंत सासू चहा घेऊन बाहेर आलेली असते. बाई म्हणते, "छे, तसलं काही नाही." शून्य. सगळ्यांची बेरीज, जास्तीत जास्त २७, आणि १० किंवा त्याच्या वर गेली तर नैराश्याची शक्यता धरायची.

या बेरजेत दोन्ही बाजूंनी गळती आहे. खुरपणीच्या दिवसांत थकवा रोजच असतो, तान्हं मूल असेल तर झोप रोजच मोडते. ते गुण आजाराच्या खात्यात जातात. उलट सासूच्या समोर दिलेलं शून्य आजार लपवतं. प्रश्नावली वाईट आहे असं मी म्हणत नाही. कुणाकडे पुन्हा जाऊन नीट विचारायला हवं हे ठरवायला ती उत्तम आहे. तिच्या गुणांना थेट रोगनिदान मानलं की घोटाळा सुरू होतो. आणि विचारणारी बाई ओळखीची, विश्वासाची झाली की पुढच्या वर्षी उत्तरं बदलतात, गुण वाढतात. ते वाढणं ही चांगली खूण असू शकते.

रोग ठरवण्याची फूटपट्टी डॉक्टरांच्या हातातही बदलते. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण लंडनपेक्षा कितीतरी जास्त नोंदले जात. दोन्ही शहरांत एकाच पथकाने एकाच पद्धतीने तपासल्यावर तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. अमेरिकी डॉक्टर ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणत होते त्यातल्या पुष्कळांना ब्रिटिश डॉक्टर भावनिक आजार म्हणत होते.

जगाच्या पातळीवरचे मोठे आकडेही उलगडून पाहायला हवेत. जागतिक रोगभाराच्या अभ्यासानुसार १९९० साली जगात ६५ कोटींहून थोडे अधिक लोक मानसिक आजाराने ग्रस्त होते आणि २०१९ मध्ये ९७ कोटी. जवळपास ४८ टक्के वाढ. पण या काळात जगाची लोकसंख्या वाढली आणि तिचं वयही वाढलं. ते वजा केलं तर दरलाखी भार जवळपास तितकाच राहिलेला दिसतो. भारतासाठी याच पद्धतीने केलेल्या अभ्यासात २०१७ साली १९ कोटी ७३ लाख लोक, म्हणजे दर सातांत एक, असा अंदाज निघाला. त्याच अभ्यासातली एक ओळ नेहमी उचलली जाते: देशाच्या एकूण रोगभारात मानसिक आजारांचा वाटा १९९० मध्ये २.५ टक्के होता, तो २०१७ मध्ये ४.७ टक्के झाला. जवळपास दुप्पट झाला खरा, पण वाटा म्हणजे भागाकार. या सत्तावीस वर्षांत हगवण, गोवर, न्यूमोनिया यांनी दगावणारी मुलं झपाट्याने कमी झाली. बाकीचा भार घटला की उरलेल्याचा वाटा आपोआप फुगतो. यात आनंदाची बातमी दडलेली आहे आणि ती कुणी सांगत नाही.

आत्महत्यांचे आकडे सर्वात भीतीदायक, आणि वादात सर्वात आधी पुढे केले जाणारे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक. दर लाख लोकसंख्येमागे २०१० साली ११.४, २०१७ साली ९.९ आणि २०२२ साली १२.४, अशी वाट खाली जाऊन पुन्हा चढलेली आहे. शेवटची चढण खरी आणि चिंतेची आहे असं मला वाटतं. तरी दोन गोष्टी सांगायला हव्यात. २०२१ची जनगणना वेळेवर न झाल्याने भागाकारातली लोकसंख्या अंदाजाची आहे. आणि नोंद पोलिसांची आहे. २०१० साली पोलिसांच्या दफ्तरी सुमारे १ लाख ३४ हजार आत्महत्या होत्या. त्याच वर्षासाठी, मृत्यू झालेल्या घरी जाऊन नातेवाइकांकडे विचारपूस करणाऱ्या अभ्यासाने पंधरा वर्षांवरच्या वयातच १ लाख ८७ हजार असा अंदाज काढला. स्त्रियांच्या बाबतीत तूट अधिक होती. विहिरीवरचे घसरलेले पाय तिथे सापडतात. आत्महत्येचा प्रयत्न हा १८६०पासून दंडसंहितेत गुन्हा होता. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं, आणि जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते सर्वसाधारण कलम उरलंच नाही. शिक्षेची भीती गेली की लपवाछपवी कमी होते, नोंद वाढते. येत्या काही वर्षांचे आकडे वाचताना हे विसरून चालणार नाही.

शिवाय आत्महत्यांचा आलेख म्हणजे मानसिक आजाराचा आलेख नव्हे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. त्या काळात तिथे यादवी युद्ध चालू होतं, त्सुनामी येऊन गेली. माणसांची दुःखं कमी झाली नव्हती. आवेगाच्या क्षणी हाताशी असणारं जहाल विष कमी झालं होतं आणि तो क्षण टळला की बहुतेक जण जगले. विदर्भ-मराठवाड्याबद्दल बोलताना या उदाहरणाकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही, याची मला खंत वाटते.

मग निर्विवाद वाढ कुठे आहे? स्मृतिभ्रंशात. साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना तो असल्याचा अंदाज आहे. आयुर्मान वाढलं की ही संख्या वाढणारच, आणि महाराष्ट्र हे वयस्क होत चाललेलं राज्य आहे. चर्चा मात्र याचीच सर्वात कमी. 'म्हातारपणी असं व्हायचंच' म्हणून घरं गप्प बसतात. 'अस्तु' सारखा एखादा चित्रपट येतो, लोक डोळे पुसतात आणि विषय मिटतो.

दुसरी वाढ किशोरवयीन मुलांमधली. इथे इंग्लंडचा पुरावा भक्कम आहे, कारण तिथे १९९९, २००४ आणि २०१७ मध्ये एकाच निदानपद्धतीने तपासणी झाली. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत कोणताही मानसिक विकार असण्याचं प्रमाण ९.७, मग १०.१, मग ११.२ टक्के. चढण आहे, पण मथळ्यांतून वाटते तशी उभी नाही. चिंता आणि नैराश्य यांचा गट वेगळा काढला की मात्र २००४ मधले ३.९ टक्के २०१७ मध्ये ५.८ झालेले दिसतात, आणि १७ ते १९ वयाच्या मुलींत जवळपास चौघींपैकी एकीला विकार आढळला. ही वाढ बोलण्यामुळे भासणारी नाही. अमेरिकेत गुंतागुंत जास्त आहे. तिथे २०११ नंतर किशोरवयीन मुलींची नैराश्यासाठी नियमित चाचणी घ्यायची शिफारस झाली आणि २०१५ मध्ये रुग्णालयांची नोंदपद्धतच बदलली; इस्पितळातले काही आकडे त्यामुळेही वर गेले. पण १० ते २४ वयातला आत्महत्येचा दर २००७ मधल्या लाखामागे ६.८ वरून २०१८ मध्ये १०.७ झाला, तो नोंदपद्धतीने झालेला नाही. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. कोटा असो की लातूर, मुलांवर आपण काय लादतो आहोत हे पाहायला यापेक्षा मोठ्या पुराव्याची वाट बघू नये.

कोविडच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. तो आकडा गणिती अंदाज होता आणि त्यामागची बहुतेक माहिती श्रीमंत देशांतली होती. दिशा पटण्यासारखी आहे, अचूकता नाही.

आता बोलण्याकडे येऊ. आपल्या भाषेत हे बोलणं एका रात्रीत सुरू झालेलं नाही. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हे वाक्य मराठी घरांत पोहोचू लागलं. १९९०मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली आणि मनाचं आरोग्य हा व्याख्यानमालांचा विषय झाला. कॅनडातल्या कॅल्गरीत प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी पुण्यात या आजाराच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी संस्था उभारली आणि त्यांच्या आधाराने सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' २००४ मध्ये आला. शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे आजारी माणूस आणि त्याला सांभाळणारा, एकाच खोलीत गोल करून बसतात, ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वी अशक्य वाटली असती. याच दिग्दर्शकद्वयीच्या, नैराश्यावरच्या 'कासव'ला पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं.

या बोलण्याचा काही तोटाही होतो का, हा प्रश्न टाळता येणार नाही. लूसी फाउल्क्स आणि जॅक अँड्र्यूज या दोन संशोधकांनी २०२३ मध्ये अशी शंका मांडली की जागृतीमुळे काही तरुण रोजच्या ताणालाही आजार समजू लागतात, तसं समजल्यावर तो ताण खरोखर वाढतो, आणि आकडे फुगतात. त्यांनी ते सिद्ध झाल्याचं म्हटलं नाही, तपासा असं सांगितलं. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात वर्गावर्गांतून दिलेल्या सजगतेच्या शिक्षणाने मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही फरक पडला नाही. परीक्षेच्या आधीची धडधड म्हणजे 'अँग्झायटी' आणि प्रेमभंगानंतरचे दोन आठवडे म्हणजे 'डिप्रेशन', असं शहरी महाविद्यालयांतून सर्रास ऐकू येतं. मला ही शंका बरोबर वाटते, पण ती कुणाला लागू आहे हेही पाहावं लागेल. ती लागू आहे मोबाइलवर दिवसाला वीस चित्रफिती पाहणाऱ्या मुलांना. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला, गोव्यात ट्रॉलरवर महिनोन्‌महिने काढणाऱ्या खलाशाला ती लागू नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्या दर दहा जणांपैकी आठांहून अधिक जणांना कोणताही उपचार मिळत नव्हता. त्यांच्यापर्यंत चर्चा पोहोचलेलीच नाही, मग ती जास्त झाली असं कसं म्हणणार? पुण्या-मुंबईतल्या गोंगाटावरून साऱ्या राज्याचा निष्कर्ष काढू नये.

मघाशी उल्लेख केलेल्या अमरावतीच्या ३० गावांकडे म्हणूनच परत जायला हवं, कारण बोलणं आणि आजार या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र मोजल्या गेल्या. तिथे गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी बचत गटांत, पारावर, शेतकऱ्यांच्या बैठकांत मनाच्या त्रासाबद्दल उघड बोलायला सुरुवात केली. ज्यांना गरज होती त्यांना समुपदेशन दिलं, त्याहून जास्त त्रास असेल तर डॉक्टरांकडे नेलं. असं साधं समुपदेशन गुणकारी असतं हे गोव्यातल्या संगात संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत दाखवून दिलं आहे. तिथे मानसशास्त्राची पदवी नसलेले कार्यकर्ते सहा ते आठ भेटींत रुग्णाला काय काय करायचं सोडून दिलं आहे ते विचारतात, आणि त्यातली एकेक छोटी गोष्ट परत सुरू करायला लावतात: सकाळी अंगण झाडणं, बहिणीला फोन, चर्चला किंवा देवळात जाणं, मासळीबाजारात एक फेरी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ६४ टक्के बरे होते, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के.

अमरावतीत अठरा-एक महिन्यांनी पुन्हा पाहणी झाली, तीच गावं, तीच नऊ प्रश्नांची प्रश्नावली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. दवाखान्याच्या नोंदवहीतून पाहणाऱ्याला नैराश्य सहापट वाढल्यासारखं दिसलं असतं. प्रत्यक्षात गावांतलं नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर उतरलं होतं, आणि वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेलेल्यांचं ५.२ वरून २.५ टक्क्यांवर. तुलनेसाठी प्रकल्प नसलेली गावं शेजारी ठेवलेली नव्हती, म्हणून घट सगळी प्रकल्पामुळेच झाली असं ठामपणे म्हणता येणार नाही; पाऊसपाणी, भाव यांचाही हात असू शकतो. पण मदत मागणारे वाढणं आणि आजार घटणं या दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच गावात होऊ शकतात, एवढं त्यातून नक्की दिसलं. आणि इतकं झाल्यावरही त्या गावांतल्या नैराश्य असलेल्या शंभरांपैकी त्र्याहत्तर माणसांनी कुणाकडेही मदत मागितलेली नव्हती.